कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे

आमच्या तालुक्याच्या गावी दर हिवाळ्यात व्याख्यानमाला होते. यंदा तिसऱ्या दिवशी आरोग्यसेवेवर व्याख्यान होतं. वक्ते अभ्यासू होते, आकडे तोंडपाठ होते आणि तासभर त्यांनी सभा धरून ठेवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : महाराष्ट्रात आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं आरोग्य संरक्षण आहे. तेव्हा पैशांअभावी उपचार राहिले असं म्हणायला जागा उरलेली नाही. सरकारने आता दवाखाने चालवणं सोडावं आणि लोकांच्या वतीने पैसे भरावेत. रुग्ण हवं तिथे जाईल, स्पर्धा होईल, दर्जा आपोआप वाढेल. शेवटी त्यांनी एक वाक्य जोडलं की ज्यांना अजूनही उपचार मिळत नाहीत त्यांना एक तर माहिती नाही, नाही तर इच्छा नाही. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, पण उठून बोललोही नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. ते राहिलेलं बोलणं आता लिहितो आहे.

आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या काठावर. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा. त्यामुळे मोठं दुखणं आलं की लोक यवतमाळपेक्षा नांदेडची वाट धरतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मी या वाटेवर लोकांच्या सोबतीला जातो. काम साधंच असतं. केसपेपर काढायचा, रेशनकार्डावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का ते बघायचं, रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर रांगेत उभं राहायचं, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना कळेल अशा शब्दांत सांगायचं. मी डॉक्टर नाही आणि अर्थतज्ज्ञही नाही. पण ‘इच्छा नाही’ हे वाक्य ज्यांच्याबद्दल बोललं गेलं, त्यांच्याबरोबर मी रात्री-अपरात्री एसटी स्टँडवर बसलेलो आहे. त्यांच्या वतीने एवढं बोलण्याचा मला अधिकार आहे असं मला वाटतं.

आधी वक्त्यांच्या म्हणण्यातलं जे खरं आहे ते मान्य करतो. १९९७ च्या जीवनदायी योजनेपासून हा प्रवास सुरू झाला. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ ची, ती पुढे राज्याच्या योजनेशी जोडली गेली. दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली आणि १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं असा भेद न ठेवता सगळी कुटुंबं योजनेत आली. आमच्याच गल्लीतल्या एका मुलाच्या हृदयाला छिद्र होतं. त्याचं ऑपरेशन या योजनेतून झालं, आज तो कबड्डी खेळतो. ज्या बापाने पोरासाठी रान विकायला काढलं होतं त्याचं रान वाचलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि योजना बंद करा असं कोणी म्हणालं तर त्याच्याशीही मी भांडेन.

माझं भांडण योजनेशी नाही. योजना आली म्हणून बाकी सगळं सोडून द्या, असं जे सांगितलं जातं आहे त्याच्याशी आहे.

एका मावशीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. ती शेतमजूर, वय आज छप्पन्न. दहा वर्षांपूर्वी एका शिबिरात तिचा रक्तदाब वाढलेला निघाला. महिन्याला दीड-दोनशे रुपयांच्या गोळ्या, एवढाच तो आजार होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या गोळ्या फुकट मिळायच्या, म्हणजे असल्या तर मिळायच्या. कधी पंधरा दिवसांच्या मिळत, कधी ‘पुढच्या आठवड्यात या’ असं उत्तर मिळे. आरोग्य केंद्र तिच्या वस्तीपासून नऊ किलोमीटरवर, आणि ओपीडीची वेळ नेमकी मजुरीची वेळ. एक दिवस गेला की मजुरी गेली. कापूस वेचणीच्या दिवसांत तर मुकादम एक दिवस न येणारीला दुसऱ्या दिवशी बोलवतही नाही. गोळ्या संपल्या की ती मेडिकलमधून चार-सहा विकत आणायची, डोकं दुखलं तरच घ्यायची. दुखणं जाणवत नाही तोवर गोळी कशाला, असं तिला वाटायचं, आणि तिला बसून समजावून सांगायला कोणाकडे वेळ नव्हता. डॉक्टर एक आणि समोर शंभर-सव्वाशेची रांग.

चार वर्षांपूर्वी तिच्या पायांवर सूज आली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. मग मात्र कार्ड कामाला आलं. आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस नांदेडला योजनेतून होतं, त्याचा एक रुपयाही तिला पडत नाही. वक्त्यांच्या हिशेबात ही मावशी योजनेची यशोगाथा ठरेल. तिच्या नावावर सरकारने आजवर कितीतरी पैसे भरले असतील.

माझा प्रश्न असा आहे की दीड-दोनशे रुपयांची गोळी दर महिन्याला, न चुकता, तिच्या वस्तीजवळ का मिळाली नाही? ते दोनशे रुपये कोणत्या कार्डात बसतात? कोणत्याच नाही. ही योजना मुळात रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. ठरलेल्या यादीतला आजार, ठरलेलं पॅकेज, नोंदणी झालेलं रुग्णालय, पूर्वपरवानगी आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधं, अशी तिची चौकट आहे. त्या चौकटीबाहेर जे उरतं तेच गरीब घराचं रोजचं दुखणं असतं : ताप, खोकला, साखर, रक्तदाब, पाळीच्या तक्रारी, पोराचा कान फुटणं, म्हाताऱ्याचे गुडघे. लोकांच्या खिशातून पैसा जातो तो प्रामुख्याने इथे, आणि त्यातला मोठा भाग औषधांवर जातो. मूत्रपिंड काम करतं आहे तोवर योजना मावशीला ओळखत नव्हती. ते बंद पडल्यावर ओळखू लागली.

आणि ‘मोफत’ डायलिसिस तिला काय भावात पडतं तेही सांगतो. आठवड्यातून दोनदा, पहाटेची एसटी. महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून तिचं भाडं निम्मं झालं, मुलाचं पूर्ण लागतं. येताना तिला ग्लानी असते, एकटीला सोडता येत नाही, म्हणून मुलगा सोबत. त्याची मजुरी दिवसाला चारशे धरली तरी महिन्याला आठ फेऱ्यांचे तीन हजार दोनशे रुपये बुडाले. भाडं, चहा, मधल्या रक्ताच्या तपासण्या, बाहेरून लिहून दिलेली एक-दोन इंजेक्शनं वेगळी. मुलाला आता कोणी सालगडी म्हणून ठेवत नाही, कारण आठवड्याचे दोन दिवस तो हजर नसतो. घरातली बकरी गेली, मग दोन तोळ्यांची चांदी गेली. हा खर्च कोणत्याही पॅकेजात लिहिलेला नाही. घरातून मात्र पैसा गेलेला आहे.

वक्त्यांचा सगळ्यात जोरदार आकडा खर्चाचा होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. आकडे बरोबर आहेत. त्यांचा अर्थ मात्र त्यांनी लावला तेवढा सरळ नाही. एक तर २०२१-२२ हे कोरोनाचं वर्ष. लसी आणि कोविड केंद्रं यांवर सरकारला खर्च करावाच लागला. एकूण रकमेत सरकारचा वाटा फुगला की लोकांचा वाटा टक्क्यांत आपोआप खाली येतो, खिशाचा भार तेवढाच राहिला तरी. दुसरं, लोकांच्या खिशातल्या खर्चाचा या लेख्यांमधला अंदाज २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवर उभा आहे, पुढच्या वर्षांचे आकडे त्यावरून वाढवून काढलेले आहेत. म्हणजे आयुष्मान योजना सुरू होण्याआधी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवरून आयुष्मानचं यश सिद्ध केलं जातं आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. जो माणूस दवाखान्यात गेलाच नाही त्याचा खर्च शून्य असतो. गाठ हाताला लागत असूनही जी बाई वर्षभर कोणाला बोलली नाही, छातीत कळ आल्यावर जो म्हातारा ‘पित्त असेल’ म्हणून पडून राहिला, ज्याने पैसे नाहीत म्हणून क्षयाची तपासणी लांबवली, ते सगळे या हिशेबात ‘खर्च कमी झाला’ या बाजूला जमा होतात. घेतलेल्या उपचाराचाच खर्च मोजला जातो, न घेतलेल्या उपचाराची नोंद कुठेच होत नाही. आणि समजा तो आकडा जसाच्या तसा मान्य केला, तरी आजाराच्या प्रत्येक रुपयातले एकोणचाळीस पैसे आजारी माणसानेच भरायचे, हे ज्यांच्या घरात महिन्याला हजार-दीड हजारही शिल्लक राहत नाहीत त्यांना कोण जाऊन सांगणार?

त्याच २०१७-१८ च्या पाहणीतला दुसरा आकडा वक्त्यांनी सांगितला नाही. बाळंतपण सोडून इतर कारणाने एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता आणि खासगीत ३१,८४५ रुपये. सात पट. सरकारी दवाखानाही पूर्ण फुकट पडत नाही हे त्यातून दिसतंच. पण गरीब माणसाला कर्जापासून वाचवणारी भिंत कोणती, हेही त्यातून दिसतं. ती भिंत पाडा आणि त्या जागी कार्ड द्या, असा सल्ला वक्ते देत होते.

आता ‘रुग्ण हवं तिथे जाईल’ या वाक्याकडे येतो. हवं तिथे म्हणजे कुठे? मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथे हा शब्द खरा असेल. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातल्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर आरोग्यसेवा अजून पाण्यावरून जाते. सरदार सरोवराच्या फुगवट्यात तरंगता दवाखाना चालवावा लागतो. पावसाळ्यात गडचिरोलीच्या भामरागडकडचा रस्ता पुलावरून पाणी गेलं की बंद होतो आणि गरोदर बाईला खाटेवर किंवा झोळीत घालून माणसं चालत निघतात. तिथे पाच लाखांचं कार्ड आहे. ते कोणाला दाखवायचं? खासगी रुग्णालय तिथे का नाही याचं उत्तर सोपं आहे. तिथे त्याचा धंदा होत नाही आणि कधीच होणार नाही. रुग्णामागून पैसा जाईल हा सिद्धांत जिथे दुकानं आधीच आहेत तिथेच चालतो. जिथे काहीच नाही तिथे सरकारनेच जायचं असतं, सरकार असण्याचं तेही एक कारण आहे.

हे काही नवं सांगत नाही. भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवलं होतं की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारापासून वंचित राहू नये, आणि त्यासाठी गावापासून जिल्ह्यापर्यंत सरकारी आरोग्यसेवेची साखळी उभी करावी. आज सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. इमारती पुष्कळ ठिकाणी झाल्याही. आत डॉक्टर राहतो का, रात्री बाळंतपण होतं का, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे का, हे विचारलं की लोक खाली बघतात.

आणि महाराष्ट्राने तर याहून मोठी गोष्ट करून दाखवली आहे. जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या कामाला जगभर मान मिळाला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरी घ्यायला शिकवलं : श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुदोष ओळखणं, वेळेवर औषध देणं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात कार्ड नव्हतं, पॅकेज नव्हतं, पूर्वपरवानगी नव्हती. दाराशी एक शिकलेली बाई होती. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते ती याच कामाची वाट चालते. राज्यात अशा सुमारे सत्तर हजार आशा आहेत. त्यांना पगार नाही, मोबदला आहे, आणि तो वाढवून घ्यायलाही त्यांना मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागतं. आरोग्याचा पैसा कुठे लावला तर जीव वाचतात याचा पुरावा आपल्याच राज्यात पडून आहे. बाहेरून तज्ज्ञ बोलवायची गरज नाही.

सभेत एकाने प्रश्न विचारला होता की सरकारी दवाखान्यांची अवस्था बघवत नाही, मग ते चालवावेत तरी कशाला? वक्त्यांनी त्यावर नांदेडचं उदाहरण दिलं. नांदेड माझ्या रोजच्या वाटेवरचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

३० सप्टेंबर-१ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. त्याच्या दीड महिना आधी कळव्याच्या ठाणे महापालिकेच्या रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले होते. महाराष्ट्र हादरला, मंत्री धावले, एका खासदाराने तर नांदेडच्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. वक्त्यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा की सरकारला दवाखाने चालवता येत नाहीत.

मी त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात शेकडो तास काढलेत. तिथे नांदेडसोबत हिंगोली, परभणी, यवतमाळचा आमचा कोपरा, शिवाय तेलंगणाच्या सीमेपलीकडचे लोक येतात. खासगीत चार दिवस ठेवून पैसे संपले की रात्री अकरा वाजता ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणून पाठवलेली बाळं येतात. त्या बाळांच्या आयांकडे कार्ड नव्हतं म्हणून ती गेली का? सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचा उपचार तसाही मोफतच आहे. तिथे हव्या होत्या पुरेशा परिचारिका, पुरेसे वॉर्मर, वेळेवर आलेली औषधं, आणि त्याहीआधी बाळ जन्मलं त्या तालुक्यातच चालणारा नवजात कक्ष. यातलं काहीही विम्याने विकत घेता येत नाही. ते आधी उभं करावं लागतं आणि नंतर वर्षानुवर्षं चालवावं लागतं. औषध खरेदीचंच बघा. तमिळनाडूने १९९४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढलं आणि गोदामापासून गोळीपर्यंतची शिस्त लावली. आपण स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये. मधल्या एकोणतीस वर्षांत आमच्या भागातल्या लोकांनी ‘बाहेरून आणा’ असं लिहिलेल्या किती चिठ्ठ्या घेऊन मेडिकलच्या पायऱ्या चढल्या असतील?

एखाद्याला वर्षानुवर्षं उपाशी ठेवायचं आणि मग तो चालत नाही म्हणून त्याला घराबाहेर काढायचं, तसा हा न्याय आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ च्या, म्हणजे कोरोनाच्या लेख्यांतही तो १.८४ टक्केच होता. सरकारी दवाखाना नापास झाला असं म्हणण्याआधी त्याला पाटी-पेन्सिल दिली होती का, एवढं मी शिक्षक म्हणून विचारतो. जिथे दिली तिथे निकाल लागलेला आहे. मुंबईचं केईएम १९२६ पासून महापालिका चालवते. परळचं टाटा रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली आहे. देशभरातून लोक तिथे फूटपाथवर झोपायची तयारी ठेवून येतात, ते काही पर्याय कळत नाही म्हणून नव्हे.

आता स्पर्धेबद्दल. खासगी रुग्णालयाला पैसे मिळाले की सेवा सुधारते, हे गृहीत धरण्याआधी बीडकडे पाहायला हवं. ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दर सहा जणींत एक. कोयत्यावर गेलेल्या बाईचा एक दिवस चुकला की खाडा लागतो, उचलीतून पैसे कापले जातात. पाळीत काम होत नाही, अंगावरून जातं, डोक्यावर मोळी असते, राहायला पाल, संडास नाही, पाणी नाही. ती गावी आल्यावर डॉक्टरकडे जाते तेव्हा तिला हवं असतं जंतुदोषाचं साधं औषध आणि दोन दिवसांची विश्रांती. तिला मिळाली शस्त्रक्रिया, कारण शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात आणि साध्या औषधाचे मिळत नाहीत. गावाजवळ विनामूल्य तपासणारी स्त्रीरोगतज्ज्ञ असती तर यांतल्या किती जणी वाचल्या असत्या? बाजार गरज बघून चालत नाही, पैसा कशाला मिळतो ते बघून चालतो. मुकादमाच्या उचलीखाली दबलेल्या बाईला ‘ग्राहक’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ग्राहकाला नाही म्हणता येतं.

याच्या उलट टोकाचा अनुभवही आहे. योजनेतलं पॅकेज परवडत नसेल तिथे नोंदणी असलेलं रुग्णालयही हात वर करतं. एका रात्री आम्ही पित्ताशयाच्या दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला घेऊन एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात गेलो. खिडकीवर सांगितलं, योजनेचा बेड शिल्लक नाही. आम्ही परत फिरत होतो तेव्हा मागून आवाज आला की रोख भरणार असाल तर बेड होईल, चाळीस हजार डिपॉझिट. एकच इमारत आणि एकच वॉर्ड. त्याच्या भावाने पहाटेपर्यंत सावकाराकडून पैसे आणले, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. ते कर्ज फिटायला दोन हंगाम लागले, त्यातला एक पावसाने नेला. पॅकेजचे दर कमी आहेत, सरकारकडून पैसे उशिरा मिळतात, ही रुग्णालयांची तक्रार खोटी नाही. पण त्या तक्रारीचा दंड रात्री दोन वाजता पोट धरून बसलेल्या माणसाने का भरायचा?

धर्मादाय रुग्णालयांबद्दल तर वक्ते काहीच बोलले नाहीत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना असं सांगते की या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. हे कोणाचे उपकार नाहीत. जमीन, कर, चटईक्षेत्र यांत जी सवलत समाजाने दिली तिची ही परतफेड आहे. मी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन अशा एका रुग्णालयात तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा समाजसेवा विभागाने ‘आज खाट नाही’ एवढंच सांगितलं, लेखी द्या म्हटल्यावर दिलं नाही. या खाटा रोज किती रिकाम्या आहेत ते दारावर फळा लावून लिहा, एवढं जरी झालं तरी पुष्कळ जीव वाचतील. त्याला पाच लाखांचं नवं कार्ड लागत नाही, असलेला कायदा पाळायला लावायची हिंमत लागते.

दरांवर नियंत्रण आणलं तर खासगी क्षेत्र कोलमडेल, हे आणखी एक ठाम विधान झालं. त्याला उत्तर द्यायला सिद्धांत नको, तारीख पुरेशी आहे. २१ मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले. वॉर्डसाठी दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूसाठी ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पळवाटा निघाल्या, जास्तीची बिलं आली, काहींचे पैसे लेखापरीक्षणानंतर परतही मिळाले. पण खासगी वैद्यक व्यवसाय कोलमडला नाही. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटचे दर केंद्राने बांधले, साध्याचा ७,२६० आणि औषधवेष्टिताचा २९,६०० रुपये. लाखाच्या पुढे गेलेली वस्तू एका रात्रीत तीस हजारांच्या आत आली आणि अँजिओप्लास्टी बंद पडल्या नाहीत. दर बांधता येतात हे आपण संकटात सिद्ध केलं. संकट सरलं आणि आपण ते विसरलो. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने अजून स्वीकारलेला नाही. आपण १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्यावर चाललो आहोत. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद लावा असं त्यात आलं. आमच्या तालुक्यातल्या दवाखान्यांच्या भिंतींवर मी ते अजून शोधतो आहे.

एक गोष्ट मात्र सरकारने केली ती मनापासून सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. लोक म्हणाले, फुकट केलं की उगाच गर्दी होईल. मी ती गर्दी पाहिली आहे. तिच्यात उगाच आलेलं कोणी नव्हतं. जुनी जखम घेऊन आलेला गुराखी होता, सहा महिने ओटीपोट दुखत असलेली नवी सून होती, चष्मा नाही म्हणून शाळा सोडलेली मुलगी होती. ही माणसं आजवर कुठे होती? घरीच होती. ‘इच्छा नाही’ म्हणणाऱ्यांनी एक सोमवार तरी त्या ओपीडीत बसायला हवं. पण दार उघडं करून आत माणूस नेमला नाही, औषध ठेवलं नाही, तर उघड्या दाराचा राग शेवटी आतल्या एकट्या डॉक्टरवर आणि सिस्टरवर निघतो. तसे प्रसंगही मी पाहिले आहेत, आणि मार खाणाऱ्या त्या तरुण डॉक्टरची बाजू घेऊन मी रुग्णाच्या नातलगांशी भांडलोही आहे.

वक्त्यांना माझं सांगणं आहे ते इतकंच. योजना राहू द्या, पण तिला आरोग्यव्यवस्था म्हणू नका. आधी उपकेंद्रात गोळी, आरोग्य केंद्रात डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि रक्त, जिल्ह्याला चालणारा नवजात कक्ष. एवढं झाल्यावर उरलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी कार्ड. पैसा आधी कुठे जातो त्यावर सगळं ठरतं. आज तो आधी खाटेकडे जातो आणि उरला तर वस्तीकडे येतो.

मावशीची धाकटी जाऊ आता सत्तेचाळीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात आशाताईने तिला धरून उपकेंद्रात नेलं. रक्तदाब १७० वर १०० निघाला. सिस्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, यात खंड पडू देऊ नका, तुमच्या घरात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या गोळ्या आल्या की आशाताई निरोप देणार आहेत.

आज अठरावा दिवस आहे.